मी नष्ट ठरवलेला भुईमूग

शेतीखात्यात मी सव्वीस वर्षं नोकरी केली आणि त्या सव्वीस वर्षांत एकदाही मातीत हात घातला नाही. लग्नकार्यात नातेवाईक मला बाजूला घेऊन विचारायचे, कुंडीतल्या गुलाबाची पानं पिवळी का पडतात. मी सांगायची, गुलाबाचं मला कळत नाही, पण गुलाबाला अनुदान असेल तर त्याचा अर्ज कसा भरायचा ते सांगते. त्यांना वाटायचं मी थट्टा करते. मी खरंच सांगत होते.

मी लिपिक होते. माहेर बोदवडचं, वडील रेल्वेत. बी.कॉम. झाले आणि धुळ्याला शेतीखात्याच्या एका कचेरीत चिकटले. माझ्या टेबलावर तेलबियांच्या योजनेचं काम होतं. त्या काळात देशात खाद्यतेल कमी पडत होतं, म्हणून सरकारनं ठरवलं की शेतकऱ्यांनी भुईमूग जास्त लावावा. नुसतं ठरवून कोणी लावत नाही, म्हणून अनुदान. पहिला हप्ता पेरणीच्या वेळी, सुधारित बियाण्याच्या रूपानं. दुसरा हप्ता पीक उभं असताना, कोणीतरी जाऊन ते खरंच उभं आहे असं लिहून दिल्यावर. या लिहून देण्याला पडताळणी म्हणतात. सगळी गंमत आणि सगळी लबाडी या पडताळणीत असते.

एका वर्षी तक्रार झाली की आमचे फिरतीचे लोक फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बसून पडताळणी करतात. मग साहेबांनी ठरवलं, कचेरीतली माणसं पाठवायची. गावात ज्यांना कोणी ओळखत नाही अशी. आम्हालाही पीक ओळखता येत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मला तर मुळीच येत नव्हतं. भुईमूग म्हणजे शेंगदाणा आणि शेंगदाणा म्हणजे डब्यातलं कूट, एवढंच माझं ज्ञान. पण फॉर्म सोपा होता. 'पिकाची स्थिती' अशा रकान्यात तीन शब्द छापलेले: चांगली, मध्यम, नष्ट. नको ते दोन खोडायचे.

पांझरेकाठच्या एका गावात मला चार प्लॉट बघायचे होते. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. मार्च महिना होता. उन्हाळी भुईमूग जानेवारी-फेब्रुवारीत पेरतात आणि मेअखेर काढतात. बाकी खानदेश भाजून निघत असताना नदीकाठी बंधाऱ्याच्या पाटाचं पाणी असतं, त्यावर हे पीक निघतं.

पहिल्या शेतकऱ्यानं मला नदीच्या वाटेनं नेलं. छान हिरवंगार पीक, मध्ये बुजगावणं, त्याला चौकड्याचा सदरा, एक बाही फाटलेली. मी 'चांगली' ठेवून बाकीचे दोन खोडले. दुसऱ्यानं बैलगाडीतून गावाला वळसा घालून नेलं. पीक छान, बुजगावणं, चौकड्याचा सदरा. तिसऱ्यानं मोटारसायकलवर बसवून पार हमरस्त्यापर्यंत नेऊन परत आणलं. तिथेही सदरा तोच आणि बाहीही तीच फाटलेली.

"भाऊ," मी म्हटलं, "हे बुजगावणं मी सकाळपासून तिसऱ्यांदा बघतेय."

तो जराही चपापला नाही. "भाडाना शे, ताई. आज मन्हा वावरमा, सकाय त्याना."

बुजगावणं भाड्यानं आणलेलं, आज त्याच्या शेतात तर उद्या दुसऱ्याच्या. मला हसू आलं, पण मी ते दाबलं आणि तिघांचेही फॉर्म नव्याने लिहिले. एका शेतावर तिघांनी संगनमतानं बियाणं उचललं होतं. दोघांनी ते विकलं असणार, नाहीतर भाजून खाल्लं असणार. दहा वर्षं खुर्चीत बसून जे सापडलं नव्हतं ते एका सकाळी सापडलं, म्हणून मी जरा फुगले होते. चौथ्या प्लॉटवर पोचले ती या फुगलेल्या अवस्थेत.

चौथा प्लॉट जिजाअक्का नावाच्या बाईचा होता. जमीन तिच्याच नावावर, वडलांनी दिलेली. ती एकुलती एक, म्हणून नवराच या गावी राहायला आलेला. प्लॉट एक एकराचा. मी बांधावर चढून पाहिलं आणि तिथेच उभी राहिले.

दोन बाया डांबराचा रिकामा ड्रम दोराला बांधून पिकावरून ओढत होत्या. पीक पिवळ्या फुलांनी भरलेलं. ड्रम पुढे जाई तशी मागे झाडं आडवी पडत. अर्धं शेत चटईसारखं झोपलेलं. आणि त्या दोघी हसतखिदळत ओढत होत्या.

"हे काय करताय?" मी ओरडले.

"दाबी राह्यनूत," एक म्हणाली. दाबतोय.

"कोणी सांगितलं?"

"अक्कानी. आनखी कोन सांगी?"

"अक्का कुठे आहे?"

"पाटवर गयी, पानी देखाले. तू उभी राह्य, ती येई."

माझी एस.टी. तीनची होती आणि ती चुकली तर रात्री उशिरापर्यंत दुसरी नव्हती. शिवाय मला विचारण्यासारखं काही उरलं आहे असं वाटलंच नाही. पहिला हप्ता खाल्ला, आता पीक मोडून दुसरं काही लावणार, असं मी समजले. सकाळपासून तशीच माणसं भेटली होती. मी बांधावर बसून फॉर्म भरला. चांगली खोडलं, मध्यम खोडलं. शेऱ्यात लिहिलं: 'मालकाच्या सांगण्यावरून ड्रम फिरवून पीक नष्ट केले आहे.' अक्षर माझं चांगलं होतं. सगळे म्हणायचे.

पंधरा दिवसांनी गावच्या ग्रामपंचायतीत अपात्र लाभार्थ्यांची यादी लागली. चार नावं. तीन बुजगावण्याची आणि त्याखाली जिजाअक्काचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी कचेरीत गलका ऐकू आला. शिपाई कोणाला तरी अडवत होता आणि ते कोणीतरी अडवून घेत नव्हतं. उंच, काटक, पंचावन्नच्या घरातली नऊवारीतली बाई आत आली. काखेत ओल्या गोणपाटाचं गाठोडं. दारात उभी राहून तिनं सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली.

"नष्ट लिखनारी बाई कोन शे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढं तिला पुरे होतं. तिनं गाठोडं माझ्या टेबलावर, थेट फायलींवर ठेवलं आणि सोडलं. आत भुईमुगाचं एक अख्खं झाड होतं, मुळांसकट, मातीसकट. माती नोंदवहीवर सांडली.

"देख," ती म्हणाली.

मी पाहिलं. काय पाहायचं ते कळेना.

तिनं पिवळ्या फुलाखाली बोट नेलं. फूल जिथून सुकलं होतं तिथून जांभळट हिरवा दोरा निघाला होता, दाभणासारखा टोकदार, आणि तो खाली चालला होता. असे पंधरा-वीस दोरे. काही अधांतरी होते. काही मातीत शिरले होते आणि मातीत शिरलेल्यांच्या टोकाला बारीकशी गाठ. आणखी खाली, सगळ्यांत आधी शिरलेल्यांच्या टोकाला चक्क शेंग.

"फूल वर, फय खाले," जिजाअक्का म्हणाली. "हाई आरी. फूल वाळं का आरी निंघस आनि भुईमा शिरस. भुईले भिडनी नही ते वरच वाळी जास. म्हनीसन ढोल फिरावतस. झाड दाबं का आरी भुईले भिडस."

म्हणजे फळ खाली मातीत धरतं. फुलाची आरी जमिनीत शिरली तरच शेंग लागते, झाड उंच असेल तर ती हवेतच वाळते. ड्रम फिरवून झाड दाबलं की आरी जमिनीला टेकते. मी ज्याला नासाडी म्हटलं ती त्या पिकाची सगळ्यांत महत्त्वाची मशागत होती.

"म्हणजे ती झाडं मेली नाहीत?" मी विचारलं.

"चार दिनमा उभी राह्यतस. मी बाळंतीण व्हतू ती बी पाचव्या दिशी उभी राह्यनू. माले बी नष्ट लिखशी का?"

कचेरी हसली. मी हसले नाही. मी त्या झाडाकडे बघत होते. छत्तीस वर्षांची होते मी. उपासाच्या खिचडीत, भाजीत, चटणीत, रोज शेंगदाणा खाल्लेला. आणि हे झाड आपलं फळ आपणच जमिनीत खोचतं, जन्माला घालण्याआधी पुरतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. बीडपासून धुळ्यापर्यंत लोक याची पोती भरतात, आम्ही त्यावर अनुदान वाटतो, परिपत्रकं काढतो, आणि खाली अंधारात हे सगळं आपापलं चालू असतं. मला त्या क्षणी अगदी लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते वाईट वाटलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"त्यानी नाव निंघस का?" ती म्हणाली. "त्या तीन चोर शेतस, बठ्ठा गावले माहीत शे. त्यास्ना खाले मन्हं नाव. पैसा देऊ नको, ताई. पैसा ठेव तुन्हा सरकारले. नाव काढ."

तिचं काम एवढंच होतं. ते सांगून झाल्यावर तिनं गोणपाट उचललं आणि झाड तिथेच ठेवून गेली.

मी साहेबांकडे गेले. साहेब निवृत्तीला टेकलेले, कोरडे, पण सरळ. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, तुम्हीच लिहिलंत नष्ट. आता तुम्हीच लिहिणार की नष्ट नव्हतं. मधल्या काळात ती बाई कचेरीत येऊन गेली, सगळ्यांनी पाहिली. उद्या कोणी म्हणालं, बाईंना काही पोचलं, तर?"

"पीक उभं आहे साहेब. कोणीही जाऊन बघावं."

"आज उभं आहे म्हणजे त्या दिवशी होतं असं नाही. तुम्ही कागदावर पीक मारलंय. कागदावर उभं करायला वजन लागेल. परिपत्रकाचं सातवं कलम वाचा."

सातव्या कलमात सोय होती. आक्षेप असलेल्या प्लॉटचं पीक काढणीच्या वेळी खळ्यावर, पंचांसमोर वजन करावं. ठरलेला एकरी उतारा भरला तर आक्षेप मागे घ्यावा, नाव वगळावं. एकराला ओल्या शेंगांचं वजन चौदा क्विंटल धरलेलं होतं. मी जिजाअक्काला पत्र पाठवलं: काढणी कधी ते कळवावे, दुसऱ्या दिवशी सकाळी वजनास येत आहे, वजनापूर्वी माल खळ्यावरून हलवू नये. हे शेवटचं वाक्य मी अधोरेखित केलं होतं.

मे संपता संपता निरोप आला. मी पहिल्या एस.टी.नं गेले. आठ वाजता ऊन असं होतं की खळ्यावरच्या दगडाला हात लावता येत नव्हता. सोसायटीचा मोठा काटा बैलगाडीतून आला होता. तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगला. पंच म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि गावातला एक म्हातारा, ज्याला सगळे आबा म्हणत. शेंगांचा ढीग खळ्याच्या मधोमध, पिवळा, ओला, मातीचा वास येणारा. मी ढिगाकडे बघून खूश झाले.

पोती भरभरून वजन केलं. तेरा क्विंटल.

परत केलं. तेराच.

मी जिजाअक्काकडे पाहिलं. ती शांत होती, तिला आकडा कळला नव्हता. "एक क्विंटल कमी भरतंय," मी म्हटलं. "अक्का, माल हलवला का?"

"मी हालावा नही. मन्हा माल बठ्ठा आठेच शे." सगळा इथेच आहे.

"मग एवढं कमी कसं?"

आबा खाकरले. "बाई, तोडनारीस्ना वाटा गया ना काल."

आणि मग मला कळलं. भुईमूग उपटला की त्याच्या शेंगा तोडायला बाया लागतात. आदल्या दिवशी चोवीस जणी पहाटेपासून बसल्या होत्या. याची मजुरी पैशात देत नाहीत. मापाचा डबा असतो, तुपाचा कापलेला. नऊ डबे मालकाचे, दहावा त्या बाईचा. संध्याकाळी ज्या त्या बाईच्या पदरात तिचा वाटा पडतो आणि ती घरी जाते.

"अक्का, मी पत्रात लिहिलं होतं, वजन होईपर्यंत माल हलवू नका. खाली रेघ मारली होती."

"वाचाडं व्हतं पोरनी माले." मुलीनं वाचून दाखवलं होतं. "पन तो माल मन्हा नही, ताई. त्यास्ना व्हता. त्या लई गयात."

"एक दिवस थांबवला असता वाटा, तर काय बिघडलं असतं?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काही भलतंच बोलले होते. "दिन बुडाना पहिले वाटा देना पडस," ती म्हणाली. "रातभर दुसरानी मजुरी मन्हा खळावर ठेवू?"

पत्र तिनं पाळलं होतं. तिचा माल तिनं हलवला नव्हता. दुसऱ्याचा दहावा हिस्सा आपला धरणं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. परिपत्रक लिहिणाऱ्याच्या डोक्यात मजूर बाई आली नव्हती. मधल्या मधे नाव यादीत राहणार होतं.

सरपंच म्हणाले, "लिहा ना बाई चौदा. सगळं माहीतच आहे."

"तेरा भरलंय, चौदा कसं लिहू? एकदा न बघता लिहिलं, त्याचंच हे झालं."

खळ्याच्या कडेला सावलीत चार-पाच बाया बसल्या होत्या. तोडणीच्या टोळीची मुकादम कौतिकबाई, तंबाखू मळत. तिनं ती चिमूट तोंडात टाकली, पदर खोचला आणि उठली.

"कोठे चालनी?" जिजाअक्कानं विचारलं. तिला लगेच कळलं असावं. "कौतिक, देयेल वाटा मी मांगाव नही."

"तू कोठे मांगी राह्यनी? आम्ही आनी राह्यनूत."

"गावमा नाक राही का मन्हं?"

"नाकना वजन नही करनं, शेंगास्ना करनं शे. बस तू." आणि ती गेली.

अर्ध्या तासात त्या यायला लागल्या. कोणी पाटीत, कोणी पदरात, कोणी उशीच्या खोळीत. एक जण पाण्याच्या कळशीत शेंगा घेऊन आली, कारण पाटी सासूनं नेली होती. चोवीस घरांतला आदल्या दिवशीचा वाटा खळ्यावर परत आला. काहींचा थोडा कमी झाला होता. "पोरेसनी खाई टाक्यात," असं सांगत त्या अगदी शरमेनं ओतत, जणू त्यांनी सरकारचं काही खाल्लं होतं. एक म्हातारी उकडलेल्या शेंगांचं पातेलंच घेऊन आली. मी म्हटलं, "आजी, उकडलेल्या चालायच्या नाहीत." ती म्हणाली, "मंग खा," आणि पातेलं माझ्यासमोर ठेवून बसली.

शेवटी किराणा दुकानदार आला, कागदाची मोठी पुडी घेऊन. आदल्या संध्याकाळी एकीनं त्याच्याकडून चहा-साखर नेली होती आणि बदल्यात शेंगा दिल्या होत्या. व्यवहार पुरा झालेला, त्याला काही पडलेली नव्हती. "सरकारी वजन शे म्हने," एवढंच बोलला आणि पुडी रिकामी केली.

काटा पोत्यांचा होता. पाच-सहा किलो त्याला कळायचे नाहीत. म्हणून सगळ्यांच्या शेंगा एकत्र करून तीन पोती भरली आणि ती काट्याला लावली. एक क्विंटल वीस किलो. एकूण चौदा क्विंटल वीस. पंचांनी पाहिलं, मी लिहिलं, सह्या, अंगठे झाले.

आणि मग माझ्या ध्यानात आलं. चोवीस बाया आणि एक दुकानदार, सगळ्यांच्या शेंगा तीन पोत्यांत मिसळलेल्या, आणि कोणी किती आणल्या हे मी टिपून ठेवलं नव्हतं. लिपिकाच्या जातीला न शोभणारी चूक. मी वजनाच्या घाईत विसरले. आता भांडणं होणार आणि ती मी लावलेली असणार.

"थांबा," मी वही उघडली. "प्रत्येकीनं सांगा, काल किती वाटा मिळाला होता."

"ठेव ती वही," कौतिकबाई म्हणाली. तिनं मापाचा डबा घेतला आणि पहिल्या पोत्याशी बसली. बाया रांगेतही उभ्या राहिल्या नाहीत, जिला जसं जमलं तशी आली.

"काल सहा मियनात. आर्धा उकडा. साडेपाच दे."

"मन्हा पाच, पन ननंदना पोरनी खादात, चार दे."

"तो गधडा चारना पन खाई," कौतिकबाई म्हणाली आणि चार मोजले.

"मन्हा किती ते आठवत नही. तीन दे."

"तीन कशा? तुले काल पाच दिधात मी."

"तीन आनात. तीन दे."

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, दीड. त्याची पुडी मी पाहिली होती, ती दोनाच्या वर होती.

मी बांधावर बसून हे बघत होते. माझी निम्मी नोकरी ताळा जुळवण्यात गेली होती. कपाटभर नोंदवह्या, प्रत्येक पानावर दोन सह्या, तरी मार्चअखेरीस पाच-पंचवीस रुपये कुठेतरी कमीच भरत. ते नेहमी कमीच भरत, कधी जास्त भरले नाहीत. इथे कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. एकेक बाई आपला आकडा सांगत होती आणि कोणी दुसरीच्या आकड्याकडे बघतसुद्धा नव्हती. शेवटची बाई उठली तेव्हा तिसऱ्या पोत्याच्या तळाशी शेंगा उरल्या होत्या. कौतिकबाईनं मोजल्या. साडेतीन डबे.

"ह्या कोन्या?" तिनं विचारलं.

बायांनी आपापल्या पाट्या उचलल्या. प्रत्येकीनं आपला वाटा थोडा कमी सांगितला होता. जास्त येऊ नये म्हणून.

"अक्का, तुन्ह्या," कौतिकबाई म्हणाली.

"मन्ह्या कशा? मन्हा ढीग तो शे," जिजाअक्कानं बोट दाखवलं.

मी निघाले तेव्हा पोतं तसंच पडलं होतं. बाया त्याच्या बाजूनं वाट काढून जात होत्या.

अहवाल मी दोन दिवस लिहीत होते. पहिल्या ओळीत लिहिलं की मार्चमधली माझी पडताळणी चुकीची होती आणि ती अज्ञानामुळे झाली. सहकारी म्हणाले, अज्ञान नको, 'गैरसमज' लिहा. मी अज्ञानच ठेवलं. पुढे वाट्याची पद्धत, तेरा क्विंटल, परत आलेले एक क्विंटल वीस. सगळा माल कुठे गेला ते दाखवायचं असतं, म्हणून शेवटी उरलेल्या शेंगांचीही नोंद केली.

साहेबांनी वाचलं आणि नेमकं तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "दुसऱ्या दिवशी आणलेल्या शेंगा त्याच शेतातल्या, हे कशावरून? गावातून कोणाच्याही आणता येतात."

"शेवटचा परिच्छेद वाचा साहेब."

त्यांनी वाचला. 'वाटप पूर्ण झाल्यावर पोत्याच्या तळाशी साडेतीन डबे शेंगा शिल्लक राहिल्या. त्यावर कोणीही हक्क सांगितला नाही.' त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचला.

"मग त्यांचं काय झालं?"

"माहीत नाही. मी निघेपर्यंत कोणी हात लावला नव्हता."

खोटा माल आणणारा माणूस परत नेताना दोन मुठी जास्त नेतो, हे माझ्यापेक्षा साहेबांनी अधिक पाहिलं होतं. मग त्यांनी सही केली.

आदेश घेऊन मी स्वतःच गावात गेले. टपालानं पाठवता आला असता, पण ते नाव तिथे माझ्या हातानं गेलं होतं. जूनचा पहिला आठवडा होता. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी अजून होती, उन्हानं पिवळी पडलेली. जिजाअक्काला बोलावलं. कौतिकबाई न बोलावता आली. आणखी दहा-बारा जण जमले, त्यात बुजगावण्याचा एक मालकही होता, मागे उभा.

ग्रामसेवकानं आदेश वाचला, खिशातून पेन काढलं आणि चौथ्या नावावर रेघ मारायला वाकला.

"थांब, भाऊ," जिजाअक्का म्हणाली. "खोडेल नाव बी दिखस. नवा कागद लिख."

"अक्का, तेच ते. खोडलं म्हणजे गेलं."

"तुले वाचता येस, तुले गया. माले वाचता येत नही, माले रेघ दिखी. येता-जाता मी देखसू, तठे मन्ही रेघ शे."

ग्रामसेवक माझ्याकडे बघायला लागला. मी पिशवीतून कोरा कागद काढला, त्याच्याच टेबलाशी बसले आणि यादी नव्याने लिहिली. शीर्षक, तीन नावं, खाली आदेशाचा क्रमांक. शिक्का मारून घेतला. जुनी यादी काढली. कचेरीतल्या फायलीत तिचं नाव आजही असेल, माझ्या चांगल्या अक्षरात, 'नष्ट' शब्दासकट. अहवाल त्याला जोडलेला आहे, पण फाईल उघडणारा आधी पहिलंच पान बघतो. ते मला पुसता आलं नाही, आणि त्याबद्दल मी तिला काही सांगितलंही नाही.

नवी यादी फळ्यावर लागली. जिजाअक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. अक्षरांकडे बघून तिला काही कळणार नव्हतं.

"वाच," ती ग्रामसेवकाला म्हणाली.

त्यानं वाचलं. एक, दोन, तीन. आणि थांबला.

"पुढे?"

"पुढे काही नाही, अक्का."

तिनं मान हलवली. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांकडे वळून पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आखो एक डाव वाच."

त्यानं परत वाचलं.